एल्कसाठी ठासणीच्या बंदुकीचा बार: कोणती गोळी, कोणती दारू, किती भरायची

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या सप्टेंबरमधल्या मझललोडर (ठासणीची बंदूक) हंगामासाठी एल्कचं, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाचं, लायसन्स लागलं असेल आणि हातात .५० कॅलिबरची, २०९ प्रायमरवर (दारू पेटवणारी छोटी टोपी) चालणारी इन-लाइन बंदूक, म्हणजे पेटवणी नळीच्या सरळ मागे असलेली, असेल, तर निकाल आधीच सांगतो. ब्लॅकहॉर्न २०९ पावडर (काळ्या दारूऐवजी वापरायची), वजनाने नव्हे तर मापाने ८० ते १०० ग्रेनच्या दरम्यान; ग्रेन हे दारू-गोळी मोजायचं बारीक एकक. तिच्यावर ३५० ते ४२० ग्रेन वजनाची, नळीत घट्ट बसणारी पूर्ण व्यासाची गोळी. पेटवायला दमदार २०९ प्रायमर. बाजूला घोडा असलेली जुन्या धाटणीची ठासणीची बंदूक असेल तर खरी काळी दारू किंवा तिच्या जागी चालणारी पायरोडेक्स आरएस, ८० ते ९० ग्रेन, आणि मऊ शिशाची ३२० ते ३७० ग्रेनची गोळी. पुढचं सगळं या दोन बारांभोवतीचं बारीकसारीक काम आहे. पण एल्क पन्नास पावलांत पडतो की जखमी होऊन जंगलात नाहीसा होतो, हे त्या बारीकसारीक कामावरच ठरतं.

दुकानात मिळणारा मझललोडरचा बहुतेक माल पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी बनवलेला असतो: हलकी गोळी, जास्त वेग, पटकन फुलणारं टोक. रॉकी पर्वतातला एल्क नर सुमारे ७०० पौंडांचा, मादी ५०० पौंडांच्या आसपास. खांद्याचं हाड जाड, त्यावर मांसाचा थर, आणि बाहेरची दाट केसाळ कातडी रक्त शोषून घेते. गोळी आत शिरून आतच राहिली तर प्राणी मरतो, पण जमिनीवर रक्ताचा माग फारसा राहत नाही. म्हणून एल्कसाठी गोळी आरपार जावी हा पहिला निकष. मझललोडरच्या वेगात आरपार जाण्याचं काम वजन करतं, वेग नाही.

नियमच अर्धी निवड करून टाकतात

कोलोरॅडोत मझललोडर हंगामात एल्कला किमान .५० कॅलिबर लागतं. .५० पर्यंतच्या बंदुकीत गोळी किमान १७० ग्रेनची, त्याहून मोठ्या कॅलिबरमध्ये किमान २१० ग्रेनची. शंकूसारख्या गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त चालत नाही, म्हणजे .५० ला जेमतेम एक इंच. प्लॅस्टिकच्या वेष्टणात बसवलेली बारीक गोळी, म्हणजे सॅबो, बंद. कापडी पॅच सॅबोत मोडत नाही, त्यामुळे गोल गोळी चालते. दारू सुटी हवी, गोळ्यांच्या आकारात दाबलेले पेलेट चालत नाहीत. धूररहित पावडर बंद. दुर्बीण बंद, साध्या लोखंडी साइट, फायबर ऑप्टिक मणी असला तरी चालतो. बॅटरीवर चालणारं काही बंदुकीला लावायचं नाही.

यातला लांबीचा नियम लोक विसरतात. लांब नाकाची, प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी पाकिटावर छान दिसते, पण टोकासकट कॅलिपरने मोजल्यावर इंचाच्या पुढे जाते. खरेदीआधी लांबी बघा, घरी आल्यावर स्वतः मोजा.

आयडाहोचे मझललोडर हंगाम आणखी कडक आहेत. तिथे घोडा बाहेर दिसणारा हवा, पेटवणी उघडी हवी, आणि २०९ प्रायमर चालतच नाही. चालते ती केप (निपलवर, म्हणजे पेटवणीच्या तोटीवर, बसणारी ठिणगीची टोपी), तिचाच मोठा प्रकार मस्केट केप किंवा चकमक. गोळी जॅकेट नसलेली. म्हणजे वर सांगितलेला ब्लॅकहॉर्नचा बार तिथे बाद. या भागासाठी काही कंपन्या आपल्या इन-लाइन बंदुकांची ‘नॉर्थवेस्ट’ आवृत्ती काढतात, मस्केट केपवर चालणारी, सीव्हीएची आहे. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचं सरकारी पुस्तक उघडूनच पावडर आणि गोळी विकत घ्या, उलट क्रमाने नको.

गोळी आधी, पावडर नंतर

निवड पावडरपासून सुरू करणं हीच सर्वांत मोठी गफलत. गोळी ठरते ती नळीच्या पिळावर (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा) आणि नळीच्या खऱ्या मापावर.

पीळ आधी. आजच्या बहुतेक .५० इन-लाइनमध्ये २८ इंचांत एक फेरा असतो. जुन्या थॉम्पसन सेंटर हॉकनमध्ये ४८ इंचांत एक. लायमनच्या ग्रेट प्लेन्स रायफलमध्ये ६० इंचांत एक, खास गोल गोळीसाठी. तिच्याच ‘हंटर’ आवृत्तीत ३२ इंचांत एक. ग्रीनहिलचं जुनं सूत्र इथे चांगलं कामाला येतं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले पिळाची लांबी. .५० साठी ३७.५ ला पिळाने भागायचं. ४८ च्या पिळाला उत्तर येतं ०.७८ इंच, म्हणजे त्याहून लांब शिशाची गोळी त्या नळीत डगमगणार. २८ च्या पिळाला नियमात बसणारी एक इंची गोळी आरामात स्थिर राहते. हॉकनमध्ये ४०० ग्रेनच्या पुढची लांब गोळी घालून ‘ग्रुप येत नाही’, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागत नाहीत, म्हणणाऱ्याने आधी हा भागाकार करावा. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडलं तर गोळी आडवी होतेय, पावडर बदलून ते सुधारत नाही.

आता माप. ‘.५०’ हे नाव आहे, माप नव्हे. खाचांमधल्या उंच भागांतलं अंतर एका बंदुकीत .५००, दुसरीत .५०२ असू शकतं. इन-लाइनचा ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच) काढा, नळीला तेलाचा हात फिरवा, नळीपेक्षा किंचित मोठा मऊ शिशाचा गोळा तोंडातून ठोकून पलीकडे ढकला आणि मायक्रोमीटरने मोजा. हे एकदा केलं की गोळ्यांची अर्धी पाकिटं विकत घ्यायची गरजच उरत नाही. मऊ शिशाची गोळी त्या मापाहून एक-दोन हजारांश इंच मोठी हवी, म्हणजे आत जाताना खाचांचे ठसे तिच्यावर उमटतात. अंगठ्याने सहज आत सरकते ती ढिली. गोळी नळीत सुरू करून देणाऱ्या छोट्या स्टार्टरवर तळहाताचा एक ठोसा पुरतो ती बरोबर. हातोडी लागते ती नको. तिचं नाक चेपतं आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी दुसरा बार भरताच येत नाही.

ढिल्या गोळीचा धोका फक्त नेमाचा नाही. खांद्यावर नळी खाली करून चालताना, घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानात हिसके बसताना ती गोळी पावडरपासून पुढे सरकते. मधे हवा राहते. अशा वेळी बार उडवला तर नळीला फुगवटा येतो, नळी फाटूही शकते. म्हणून गजावर (गोळी ठासायच्या दांड्यावर) दोन खुणा हव्यातच, एक रिकाम्या नळीची, एक बरोबर ठासलेल्या बाराची. दिवसातून दोन-तीनदा केप किंवा प्रायमर काढून गज आत घालून खूण बघायची. खूण वर आली असेल तर गोळी परत खाली ठासायची.

बाजारातल्या गोळ्यांबद्दल थेट मत. नो एक्स्क्यूजेस या नावाने मिळणाऱ्या शिशाच्या ४२० आणि ४६० ग्रेनच्या गोळ्या एल्कसाठी मला सर्वांत समंजस वाटतात. आकार बोथट, शिसं मऊ, काम सरळ: हाड लागलं तरी वस्तुमान टिकतं आणि गोळी पुढे जात राहते. ४९५ ग्रेनचीही आहे, पण तिचा मार्ग इतका वाकडा आणि धक्का इतका मोठा की ४२० च्या तुलनेत एल्कवर त्याचा मोबदला मिळत नाही. या गोळ्यांची उणीव म्हणजे वंगण. उन्हात तापलेल्या गाडीत ते पातळ होतं, गोळीच्या बुडातून पावडरीत झिरपतं. म्हणून पावडर आणि गोळी यांच्यात लोकरीचा एक वॉड (चकती) घाला. काळी दारू किंवा पायरोडेक्स असेल तर वंगण लावलेला, ब्लॅकहॉर्न असेल तर पूर्ण कोरडा. वॉडमुळे गरम वायू गोळीच्या बुडाच्या कडा कापत नाही; ग्रुप आवळतो तो मुख्यतः यामुळे.

पॉवरबेल्ट सहज मिळतात, सहज भरता येतात, आणि म्हणूनच सर्वांत जास्त वापरल्या जातात. मऊ शिसं, त्यावर तांब्याचा पातळ मुलामा, बुडाला प्लॅस्टिकची झाकणी. झाकणी गोळीला वेढत नसल्याने ही पूर्ण व्यासाचीच गोळी. २४५ आणि २९५ ग्रेनच्या हलक्या गोळ्या मोठ्या भरणीवर, जवळच्या अंतरात, खांद्याच्या हाडावर आपटल्या तर पार चपट्या होतात किंवा तुकडे होऊन उथळ जखम करतात. दोष जितका गोळीचा तितकाच भरणीचा. ३४८ किंवा ४०५ ग्रेनची घ्या, भरणी ८० ते ९० वर ठेवा, वेग १४०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास राहू द्या. मग तीच गोळी चांगली वागते. मात्र सहज सरकणारी असल्यामुळे वरची गजाची खूण इथे दुप्पट महत्त्वाची.

थॉर या निखळ तांब्याच्या गोळ्या. त्या वेगवेगळ्या बारीक फरकाच्या व्यासांत मिळतात आणि माप ठरवायला नमुन्याचं पाकीट येतं. ते पाकीटच आधी घ्या. तांबं शिशासारखं दबत नाही, त्यामुळे हजारांश इंचाची चूक इथे माफ होत नाही: मोठी गोळी अर्ध्या नळीत अडकते, लहान गोळी वायू गळू देते. बसली की खोली उत्तम, वजन जवळजवळ पूर्ण टिकतं, आणि मागे टाकलेल्या आतड्यांत शिशाचे कण राहत नाहीत, जे गिधाडं आणि गरुड खातात. तांब्याला फुलायला वेग लागतो, म्हणून थॉरला वरच्या बाजूची, १०० ग्रेनच्या जवळची भरणी द्या. टोकासकट लांबी मोजायला विसरू नका.

हॉकनवाल्यांसाठी थॉम्पसन सेंटरची ३७० ग्रेनची मॅक्सी-बॉल हा जुना, पारखलेला आकार. स्वतः शिसं ओतणाऱ्यांना ली कंपनीचा ‘रिअल’ साचा २५० आणि ३२० ग्रेनमध्ये मिळतो, एल्कला ३२०. ओतताना शुद्ध मऊ शिसंच घ्या. नखाने सहज ओरखडा उमटला तर ते योग्य. गाडीच्या चाकांच्या जुन्या वजनांचं शिसं कठीण असतं, ठासताना खाचा घेत नाही आणि नळीत मधेच थांबतं.

गोल गोळी? .५० ची .४९० व्यासाची गोळी १७७ ग्रेनची, म्हणजे नियमात बसते. पण हवा तिला फार लवकर अडवते. तोंडाशी १८०० फूट वेग असेल तर ऊर्जा सुमारे १२७० फूट-पौंड. १०० यार्डांवर वेग हजाराच्या आसपास येतो आणि ऊर्जा ४०० च्या खाली. .५४ ची २२४ ग्रेनची गोळी थोडी बरी. माझ्या मते .५० गोल गोळी एल्कवर ५० यार्डांपर्यंत, .५४ ची ७० ते ७५ पर्यंत, तीही बाजूने उभ्या असलेल्या प्राण्याच्या फक्त फुप्फुसांवर, खांद्याच्या हाडावर नाही. तुलनेला, ४२० ग्रेनची गोळी १३०० फुटांनी निघाली तर तोंडाशी सुमारे १५८० फूट-पौंड आणि १०० यार्डांवर अजून ११०० च्या घरात असते.

पावडर

ब्लॅकहॉर्न २०९ ला पहिला क्रमांक द्यायचं कारण वेग नाही, सातत्य आहे. किटण कमी पडतं, ओलावा ती सहज धरत नाही, आणि मधे नळी न पुसता दुसरी-तिसरी गोळी तितक्याच जोराने खाली जाते. एल्कला हे फार लागतं, कारण फुप्फुसं फुटलेला एल्कही काही क्षण तसाच उभा राहतो, आणि दुसरा बार त्या क्षणांतच भरायचा असतो.

पण तिच्या अटी आहेत. पहिली अट मापाची, आणि ती जिवाशी संबंधित आहे. मझललोडरची सगळी मापं आकारमानाची असतात, काळ्या दारूवर बेतलेली. ब्लॅकहॉर्न वजनाला हलकी: मापाचे ग्रेन गुणिले ०.७ म्हणजे वजनाचे ग्रेन. मापाचे ८० म्हणजे वजनाचे ५६, ९० म्हणजे ६३, १०० म्हणजे ७०. कमाल मर्यादा मापाने १२०, म्हणजे वजनाने ८४. कोणी तराजूवर ‘१०० ग्रेन’ तोलून ओतले तर ते मापाचे जवळजवळ १४३ होतात, मर्यादेच्या बरेच पुढे. डिजिटल तराजू वापरणार असाल तर डब्यावर वजनाचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल भरणी यापेक्षा कमी असेल तर तीच पाळायची.

दुसरी अट पेटवणीची. साध्या ११ नंबरच्या केपने ती भरवशाने पेटत नाही. २०९ प्रायमरमध्येही मझललोडरसाठी म्हणून मुद्दाम सौम्य केलेले प्रकार मिळतात. ते इथे नकोत. सीसीआय २०९एम, फेडरल २०९ए किंवा विंचेस्टर डब्ल्यू२०९ घ्या. तिसरी अट प्रतिकाराची. गोळी घट्ट नसेल तर दाब चढायच्या आतच ती पुढे सरकते, पावडर अर्धवट जळते आणि बार उशिरा पेटतो. ‘ब्लॅकहॉर्न दगा देते’ अशी तक्रार ऐकली की आधी गोळी ढिली होती का आणि ब्रीच प्लगच्या नळीत काजळी होती का, हे विचारावं. ती काजळी प्रत्येक सत्रानंतर १/८ इंचाचा ड्रिल बिट हाताने, फक्त बोटांनी, फिरवून काढायची. मशीन लावायचं नाही, आणि पुढचं बारीक भोक रुंद करायचं नाही. साफसफाई पाण्याने नाही, बंदुकीच्या तेलकट सॉल्व्हंटने.

तिचा डबा १० औंसांचा असतो, इतर पावडरी बहुधा पौंडाच्या डब्यात येतात. १० औंस म्हणजे ४३७५ ग्रेन. ७० ग्रेनच्या भरणीला ६२ बार. सराव, शून्य बसवणं (ठरावीक अंतराला साइट नेमकी जुळवणं) आणि हंगाम यांना एक डबा जेमतेम पुरतो, हे हिशेबात धरा.

ट्रिपल सेव्हन ही पावडर जोरदार आहे, त्याच मापाला काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त. म्हणजे मापाचे ८० भरले तर काळ्या दारूच्या ९२ इतकं काम होतं. काळ्या दारूचा आकडा जसाच्या तसा तिच्यासाठी वापरायचा नाही. पाण्याने धुता येते, वास कमी. खोड एकच आणि मोठी: गोळी जिथे बसते तिथे नळीत कडक किटणाचं कडं तयार होतं. दुसरी गोळी त्या कड्यावर अडते, माणसाला वाटतं ती तळाला पोचली, आणि मधे पोकळी राहते. दर बारानंतर ओलसर पॅच, मग कोरडा पॅच. रेंजवर हे ठीक. जखमी एल्क समोर असताना कोण पॅच फिरवणार?

पायरोडेक्स आरएस मापाला काळ्या दारूइतकीच धरायची, स्वस्त, सगळीकडे मिळते, मस्केट केपवर छान चालते. ११ नंबरच्या केपवर मात्र मॅग्नम केप घ्या आणि निपलच्या खालचा मार्ग कोरडा ठेवा. तिचं किटण लोखंडाला खातं. त्याच संध्याकाळी गरम साबणपाणी, मग कोरडं करून तेल. ‘सकाळी बघू’ म्हटलं की नळीत लाल डाग.

खरी काळी दारू सगळ्यांत लवकर पेटते. चकमकीच्या बंदुकीला दुसरा पर्यायच नाही, आणि साइडलॉकला (बाजूला घोडा असलेल्या बंदुकीला) तिच्याइतका भरवसा कोणी देत नाही. .५० आणि .५४ ला दोन एफ दाणा (‘एफ’ ही दाण्याच्या जाडीची खूण). गोळीचं वंगण मेण आणि चरबीचं ठेवा, कारण पेट्रोलियम ग्रीसबरोबर हिचं किटण डांबरासारखं चिकट होतं.

धूररहित पावडर कुठल्याही प्रमाणात, चिमूटभरसुद्धा, या बंदुकांत घालायची नाही. नळी फुटते, आणि नळी डोळ्यापासून वीतभर अंतरावर असते.

बार बसवण्याची पद्धत

सुरुवात मापाने ७० ग्रेनपासून, पाच-पाचने वर. प्रत्येक टप्प्याला किमान तीन बार, जमल्यास पाच. एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळी आणि भरणी एकदम बदलली तर काहीच कळत नाही. ग्रुप आधी आवळत जातो, मग एका ठिकाणानंतर पुन्हा पसरतो. आवळलेल्या टप्प्यावर थांबा. मऊ शिशाला हा टप्पा बहुधा ८० ते ९० च्या मधे सापडतो. त्यापुढे गोळीचं बूड विस्कटायला लागतं, धक्का वाढतो आणि नेमबाज झटका देऊ लागतो.

भरताना नळी कोरडी हवी; तेल पुसून अल्कोहोलचा पॅच फिरवा. मग गजावर कोरडा पॅच लावून तो ब्रीच प्लगपर्यंत न्या आणि बंदूक सुरक्षित दिशेला रोखून एक प्रायमर उडवा. पॅचवर जळका डाग आला तर वाट मोकळी. पावडर नेहमी आधी मोजून ठेवलेल्या नळकांडीतून ओतायची; डब्यातून किंवा फ्लास्कमधून थेट कधीच नाही, कारण नळीत ठिणगी राहिलेली असेल तर हातातला अख्खा साठा पेटतो. ओतल्यावर नळीच्या बाजूला दोन टिचक्या. गोळी स्टार्टरने सुरू करा, मग गजाने एका संथ दाबात तळापर्यंत. गज उचलून उचलून आपटू नका, गोळीचं नाक बिघडतं. दाब दर वेळी सारखा हवा, ब्लॅकहॉर्नला जरा जास्तच. प्रायमर किंवा केप सर्वांत शेवटी.

आणखी एक गोष्ट जी कागदावर लगेच दिसते: स्वच्छ नळीतला पहिला बार आणि किटण धरलेल्या नळीतले पुढचे बार एकाच ठिकाणी लागत नाहीत. जंगलात पहिला बारच महत्त्वाचा. म्हणून शून्य बसवताना तुम्ही ज्या अवस्थेतल्या नळीने शिकार करणार त्याच अवस्थेत बसवा. ब्लॅकहॉर्नने एक बार उडवून तशीच नळी ठेवली तरी काही दिवस बिघडत नाही. पायरोडेक्सने तसं करू नका, तिथे स्वच्छ कोरड्या नळीवरच शून्य ठेवा.

३५० ते ४२० ग्रेनची गोळी १४०० फुटांच्या आसपास आणि शून्य १०० यार्डांवर, तर ५० यार्डांवर ती साधारण अडीच इंच वर, १५० वर सुमारे १० इंच खाली लागते. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला १०० यार्डांवर तीन इंच, १५० वर सात-आठ इंच ढकलतो. त्यात साध्या साइटची भर: ०.०६ इंचाचा पुढचा मणी डोळ्यापासून ३० इंचांवर असेल तर १०० यार्डांवर तो सात इंच झाकतो. या तीन आकड्यांची बेरीज केली की १५० यार्डांवर नेम धरणं एल्कवर अन्याय आहे हे स्पष्ट होतं. पीप साइट (बारीक भोकातून बघायची) आणि बारीक मणी लावल्यास १०० ते १२० यार्ड हातात येतात. सप्टेंबरमध्ये नर माजावर असतात, हाकेला उत्तर देतात, आणि बरेच बार ८० यार्डांच्या आत सुटतात. त्या अंतराला १२० ग्रेनची भरणी काहीही जास्त देत नाही, खांदा मात्र दुखवते.

डोंगरात काय बिघडतं

कोलोरॅडोत या हंगामात दुपारचा वादळी पाऊस नेहमीचा. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा किंवा रबरी बोटमोजा लावा. बार त्यातून उडवला तरी चालतो, तोंडाशी हवाच आधी तो फोडते. पाण्याचा खरा शिरकाव मागून होतो. २०९ बंदुकीत ब्रीच बंद होतो तिथे बारीक फट असते. प्रायमर सैल बसत असेल तर ओलावा आत येतो आणि काजळी बाहेर. प्रायमर बसल्यावर तो बोटाने हलता कामा नये. साइडलॉकवर निपलभोवती थोडं मेण लावून केप बसवतात, तो उपाय अजूनही चांगला.

थंडीतून बंदूक गरम तंबूत किंवा गाडीत आणली की नळीत दव धरतं आणि पावडर पेंड होते. बंदूक बाहेरच्याच तापमानाला ठेवा, केप किंवा प्रायमर काढून. गाडीत ठेवताना तर कायद्यानेच तो काढलेला असावा लागतो. काळी दारू, पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन भरलेली असेल तर पावसाच्या दिवसानंतर संध्याकाळी तो बार सुरक्षित मातीच्या उतारावर उडवून टाका आणि सकाळी नवा भरा. एका बाराचा खर्च, बस.

चाप ओढला आणि नुसता ‘चट्’ झाला तर बंदूक लगेच खाली घेऊ नका. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा, उशिरा पेटणारा बार त्यात सुटून जातो. मग नवा प्रायमर. तोही फुसका गेला तर इन-लाइनचा ब्रीच प्लग काढून मागून पावडर ओतून टाका आणि गोळी पुढून बाहेर ढकला. साइडलॉकमध्ये निपल काढून चिमूटभर काळी दारू आत घालून पुन्हा प्रयत्न करा, त्याआधी गोळी तळाशी आहे याची गजाने खात्री करून. ब्रीच प्लगच्या आट्यांना हंगामाआधी अँटी-सीझ (आटे अडकू न देणारी) ग्रीस लावलेली असेल तरच तो प्लग डोंगरात हाताने निघतो.

सोबत तीन भरलेले स्पीड लोडर पुरे: मोजलेली पावडर, वॉड, गोळी, प्रायमर, सगळं एका ठिकाणी. आणि पावडरचा डबा व गोळ्यांचं पाकीट संपत आलं असेल तर नवं हंगामाआधीच घ्या. लॉट नंबर बदलला की त्याच भरणीचा नेम इंचभर सरकतो, तेव्हा नव्या डब्यातून किमान पाच बार कागदावर उडवून साइट पुन्हा जुळवा.